गाडीची वेळ आणि खरी वेळ

माझ्या वडिलांना घड्याळ पुढे ठेवणारी माणसं आवडत नाहीत. ते दीपनगरच्या वीज केंद्रात कंट्रोल रूममध्ये नोकरीला होते. दर तासाला मीटरचे आकडे वहीत उतरवायचे आणि ते ठोक्याला उतरवायचे, हे त्यांचं जन्मभराचं काम. रिटायर झाले तरी ती वही त्यांच्या डोक्यातून गेलेली नाही. आमच्या क्वार्टरच्या भिंतीवर एक पांढरं गोल घड्याळ होतं. त्यावर काळे आकडे आणि तीन काटे, बाकी काही नाही. रविवारी सकाळी रेडिओवर बातम्यांच्या आधी टोले पडायचे तेव्हा बाबा खुर्चीवर चढून ते मिळवायचे. खुर्ची धरायचं काम माझ्याकडे असायचं.

कॉलनीत सगळंच ठरलेलं. सगळ्या क्वार्टरांना एकच पिवळट रंग, एकसारखी दारं, एकसारख्या खिडक्या. लहानपणी मी दोनदा शेजारच्यांच्या घरात शिरून, आपलंच घर समजून दप्तर टाकलं होतं. एकदा आमच्या दारावर मी निळ्या खडूनं वेल काढली, तर बाबांनी ओल्या फडक्यानं ती मलाच पुसायला लावली. रागावले नाहीत. दार दारासारखं दिसलं पाहिजे, एवढंच म्हणाले. मी मात्र तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं, की माझी स्वतःची म्हणून जी वस्तू असेल ती मी मला हवी तशी नटवीन. हा हट्ट पुढे मला चांगलाच भोवला, पण ते सगळं घडायला वेळ होता.

लग्न होऊन मी चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याजवळच्या एका गावात आले. पहिल्याच सकाळी डोळे उघडले तर भिंतीवरच्या घड्याळात साडेसहा. नवी सून पहिल्याच दिवशी साडेसहाला उठते म्हटल्यावर काय बोलतील सगळे, म्हणून मी तशीच स्वयंपाकघरात धावले. तिथं माझ्या मोठ्या जाऊबाई एकट्याच चहा टाकत होत्या. मला पाहून त्या पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. खरे सहाच वाजले होते. घड्याळ अर्धा तास पुढे होतं. त्यांनी मला पाटावर बसवलं, कपबशी हातात दिली आणि आबा उठायच्या आत चहा पिऊन घे, असं हळूच सांगितलं. त्यांना मी अक्का म्हणते. या घरात पहिली माझी झाली ती अक्का, आणि अजूनही तिचाच नंबर पहिला आहे, हे माझ्या नवऱ्यालाही माहीत आहे.

आबा म्हणजे माझे सासरे. घड्याळ असं का, म्हणून मी त्यांना धीर करून विचारलं तेव्हा त्यांना प्रश्नच कळेना.

"घडी पुढे र्‍हावाले पाहिजे," ते म्हणाले. "गाडी काय आपलासाठे थांबस का?"

गाडी म्हणजे चोपड्याची एसटी. आमच्या फाट्यावर ती सकाळी येते, दुपारी येते आणि संध्याकाळी येते. मधल्या वेळात काय करायचं ते तुमचं तुम्ही बघायचं. त्यामुळे गावातलं एकही घड्याळ खरी वेळ दाखवत नाही. कोणाचं दहा मिनिटं पुढे, कोणाचं वीस, आमचं तीस. प्रत्येक जण आपापल्या घरचा आकडा मनात वजा करतो आणि मग सावकाश चहा पीत बसतो. मी बाबांना फोनवर हे सांगितलं. ते म्हणाले की शेवटी वजाच करायचं, तर पुढे तरी कशाला करायचं.  

बाबांचा हा फोन रोज संध्याकाळी सहाला येतो. माझ्या लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून येतो. सहा म्हणजे सहा. बोलणं चार मिनिटांचं, जेवलीस का, पाणी आलं का, आईची साखर किती आली, एवढंच. पण तो फोन आला नाही असा एक दिवस मला आठवत नाही.

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी मी घरातल्या पुढच्या खोलीत सेवा केंद्र सुरू केलं. सातबारा, उत्पन्नाचे दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज, पीक विमा, जे येईल ते. खिडकीतून माझा कम्प्युटर दिसतो आणि खिडकीबाहेर ओटा आहे, त्यावर लोक बसलेले असतात. कम्प्युटर माझा, खोली माझी, पडदाही माझा. मग काय, मी वेल काढायला घेतली.

त्या पडद्याच्या खाली उजव्या कोपऱ्यात एक बारीक घड्याळ असतं. ते सगळ्यांच्याच कम्प्युटरवर असतं, फुकट मिळतं आणि कोणी त्याच्याकडे बघत नाही. मला ते कॉलनीतल्या दारासारखं वाटायचं. मी व्हिडिओ बघून बघून एक विजेट शिकले. म्हणजे पडद्यावर ठेवायचं आपलं स्वतःचं घड्याळ, हवं तसं रंगवा, हवं ते जोडा. आधी मी आकडे मराठीत केले आणि त्यांना मोरपंखी रंग दिला. मग त्याखाली तिथी आणली. मग सूर्य कधी उगवतो ते. ओट्यावरच्या लोकांनी ते पाहिलं आणि प्रत्येकाला काहीतरी सुचायला लागलं. या आठवड्यात शेतीची लाईट दिवसाची आहे की रात्रीची, ते टाका. एसटीच्या वेळा टाका. बाजार कुठल्या गावी कुठल्या वारी, ते टाका. मी कोणाला नाही म्हटलं नाही. मला त्यात आनंदच होता, खोटं कशाला बोलू. एखादी ओळ नवी बसली की दिवसभर माझा पाय जमिनीवर ठरत नसे.

बाबा दिवाळीनंतर दोन दिवस राहायला आले तेव्हा मी त्यांना हौसेनं खुर्चीवर बसवलं आणि पडदा दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, वरपासून खालपर्यंत सगळं वाचलं. सगळं छान आहे म्हणाले. आणि मग अगदी साध्या आवाजात विचारलं, की यात वाजले किती ते कुठं लिहिलंय.

मला असा राग आला. वेळ तिथं होती, तिथी आणि बाजाराच्या मधे, फक्त जरा लहान झाली होती. बाबांनी कोपऱ्यातल्या बारीक घड्याळाकडे बोट दाखवलं आणि यात काय कमी होतं, असं विचारलं. मी म्हटलं, काही कमी नव्हतं, पण ते माझं नव्हतं.  ते गेल्यावर मी खालची ती अख्खी पट्टीच लपवून टाकली. माउस अगदी तळाशी नेला तरच ती वर यायची. एवढी तणतण कोणावर केली, तर एका घड्याळावर. पण केली.

तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण माझ्या घड्याळामुळे लोकांच्या गाड्या चुकायला लागल्या. कारण ते खरी वेळ दाखवायचं आणि ओट्यावरची माणसं सवयीनं दहा-पंधरा मिनिटं वजा करून निवांत बसायची. दोनदा असं झाल्यावर आबांनी मला समोर बसवून समज दिली. मग मी विजेट दहा मिनिटं पुढे केलं. कम्प्युटरची खरी वेळ तशीच ठेवून फक्त विजेट पुढे करता येतं, ही त्यातली गंमत. पण दहावर कोणाचं समाधान होईना. एकाला पंधरा हवी, एकाला वीस. रोज कोणीतरी खिडकीतून डोकं घालून सांगायचं. शेवटी वैतागून मी घड्याळाच्या शेजारी एक अधिकचं बटण केलं. दाबलं की पाच मिनिटं पुढे. वजाचंही केलं. वजाचं बटण आजपर्यंत कोणीही दाबलेलं नाही.

एक-दोन दिवसांत घड्याळ पाऊण तास पुढे गेलं तेव्हा मी घरात सगळ्यांना बसवून सांगितलं की हा पोरखेळ बंद, घड्याळ दहा मिनिटं पुढे राहील, बटणाला कोणी हात लावायचा नाही. आबांनी मान हलवली. नवऱ्यानं हलवली. अक्कांनीही हलवली. बटण तेवढं मी काढलं नाही. इतक्या कष्टानं केलेलं, काढवेना.

आता अक्कांचं सांगते, कारण सगळं त्यांच्यावरच येऊन ठेपतं. अक्का लग्नाआधी नर्सिंग शिकलेल्या. आमच्याकडून सात-आठ किलोमीटरवर डोंगराकडच्या उपकेंद्रात त्या कंत्राटावर काम करायच्या. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग एक महिना घरी, मग परत ऑर्डर येईल की नाही याची वाट. असं बारा वर्षं. पाड्यापाड्यांवर चालत जाऊन लसी टोचल्या, बाळंतपणं केली, आणि दर वर्षी त्यांनीच जाऊन विचारायचं की मी पुढे आहे का नाही. कायम नोकरीच्या जागा मधे निघाल्या नाहीत, एकदा निघाल्या तर मुलगी पोटात होती. आणि गेल्या वर्षी निघाल्या तेव्हा वयाच्या अटीत बसायची त्यांची ती शेवटची खेप होती. हे त्या कोणाला बोलून दाखवत नव्हत्या. पण त्यांनी कागदांची फाइल नव्यानं लावली होती आणि रोज फाइलची नाडी सोडून पुन्हा बांधत होत्या.

सगळे कागद जमले, एक सोडून. त्यांच्या नर्सिंगच्या नोंदणीचं नूतनीकरण झालेलं प्रमाणपत्र यायचं होतं. ते अर्जाच्या शेवटच्या दिवशी जळगावला हातात पडलं. माझे जेठ, म्हणजे अक्कांचे यजमान, ते घेऊन दुपारच्या गाडीनं आले. अर्ज संध्याकाळी सहापर्यंत घेणार होते. बाकीचा अर्ज मी आधीच भरून ठेवला होता. फक्त हे प्रमाणपत्र जोडायचं आणि शेवटचं बटण दाबायचं राहिलं होतं. पण अक्कांचा त्या दिवशी लसीकरणाचा दिवस होता. तो सोडून त्या येणाऱ्यातल्या नव्हेत. त्या आल्या तेव्हा लसीच्या डब्याच्या पट्ट्याचा वळ त्यांच्या खांद्यावर तसाच होता. हातपाय धुऊन त्या माझ्याशेजारी स्टुलावर बसल्या.

आणि साइट अडकली. शेवटचा दिवस, अख्खा महाराष्ट्र तिच्यावर तुटून पडलेला. पान उघडायलाच पाच मिनिटं लागायची. प्रमाणपत्राची फाइल मोठी आहे म्हणून परत आली. लहान करून पाठवली तर पानच गेलं. नेटसाठी मी माझा फोन नेहमीसारखा खिडकीत पालथा ठेवला होता, कारण आमच्याकडे रेंज फक्त खिडकीच्या त्या एका कोपऱ्यात येते. तो फोन जुना होता. मधे कोणाचा कॉल आला की नेट तुटायचं. त्यामुळे सगळ्यांना ताकीद होती की मला फोन करायचा नाही. बाबांना ताकीद द्यायची गरज नव्हती. त्यांचा फोन सहाला येणार हे ठरलेलंच होतं, आणि तोवर काम तरी झालेलं असेल, नाहीतर उपयोग तरी नसेल.

पडद्यावर पान उघडतंय असं सांगणारं ते चाक फिरत होतं आणि त्याच्या वरच्या बाजूला माझं मोरपंखी घड्याळ. मी मधून मधून बघत होते, दहा वजा करत होते. पाच चाळीस, पाच पन्नास, पाच पंचावन्न.  अक्कांचा हात फाइलवर होता. घड्याळात सहा वाजून बारा मिनिटं झाली. मी दहा वजा केली. सहा वाजून दोन मिनिटं. चाक अजून फिरतच होतं.

"अक्का," मी म्हटलं, "वेळ गेली."

त्या पडद्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी फाइलची नाडी बांधली, यावेळी दोन गाठी मारल्या. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"जाऊ दे," त्या म्हणाल्या. "बठ्ठं आपला हातमा थोडंच र्‍हास. च्या टाकस मी."

आणि आत गेल्या. सगळं आपल्या हातात थोडंच असतं, एवढ्यात बारा वर्षं गुंडाळून माणूस चहा टाकायला जातं, हे मला सहन झालं नाही. मी तिथंच बसून रडले. मग मला राग आला. साइटवर आला, जळगावच्या त्या ऑफिसवर आला, जेठांनी आणखी आधीची गाडी का पकडली नाही म्हणून त्यांच्यावर आला. पान मी बंद केलं नाही. फिर म्हटलं, किती फिरतंस ते बघते.

बसल्या बसल्या आणखी एक गोष्ट मनाला टोचत होती, ती म्हणजे आता बाबांना काय सांगायचं. आठ दिवस ते रोज विचारत होते की तुझ्या जाऊबाईंच्या अर्जाचं काय झालं. अक्कांवर त्यांचा फार जीव. वेळेवर कामाला जाणारं माणूस त्यांना आपल्या नात्यातलं वाटतं. मी वाक्य जुळवत बसले. जुळवता जुळवता घड्याळाकडे पाहिलं. सहा वीस. म्हणजे सहा दहा. आणि बाबांचा फोन आला नव्हता.

 बाबांचा फोन दहा मिनिटं उशिरा येत नाही. आईची साखर, बाबांचं ब्लडप्रेशर, जे जे मनात येऊ नये ते सगळं एका क्षणात येऊन गेलं. मी उठले, खिडकीत गेले आणि घरी फोन लावायला म्हणून फोन उलटा केला.

फोनवर पाच पन्नास झाले होते.

मी पुन्हा पाहिलं. आमच्याकडे फोनची आणि घड्याळाची वेळ वेगळी असायचीच, म्हणून मी कधी ताळा घेतला नव्हता. आता घेतला. धावत येऊन माउस पडद्याच्या अगदी तळाशी नेला. ती लपवलेली पट्टी वर आली, आणि कोपऱ्यातल्या त्या बारीक घड्याळातही पाच पन्नासच. ते बिचारं इतके महिने तिथं आपलं काम करत बसलं होतं. बाबांना काहीही झालेलं नव्हतं. त्यांचा फोन आला नव्हता, कारण सहा वाजलेच नव्हते.

मी अक्कांना अशी हाक मारली की समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. त्या चहा तसाच गॅसवर सोडून आल्या. मी कोपऱ्याकडे बोट केलं. त्या खाली बसल्या, गाठी सोडायला गेल्या, दुसरी गाठ सुटेना, तर त्यांनी नाडी दातानं तोडली. तोवर साइटनं आम्हाला बाहेर काढलं होतं. परत आत शिरायला त्यांच्या फोनवर ओटीपीचा नंबर यायचा होता आणि तो फोन लसीच्या पिशवीत तळाशी होता. जेठांनी अख्खी पिशवी ओट्यावर ओतली. नंबर आला. पान उघडलं. फाइल जोडली. चाक फिरायला लागलं. पाच छप्पन. मला आता एकच भीती होती. सहा वाजता बाबांचा फोन येणार, आणि तो आला की नेट तुटणार. दुसऱ्या कोणाच्या फोनवरून त्यांना थांबवावं हे तेव्हा सुचलंच नाही, आणि माझ्यावरून लावला तर नेट तुटणारच. आयुष्यात पहिल्यांदा मी देवाला म्हटलं की आज माझ्या बापाला चार मिनिटं उशीर होऊ दे.

ते मागणं देवापर्यंत जायच्या आत पान बदललं. अर्ज पोचला. वर हिरव्या अक्षरांत नंबर, आणि खाली वेळ, पाच अठ्ठावन्न. मी प्रिंट दिली. अक्कांनी तो कागद दोन्ही हातांत धरला आणि त्या जमिनीवर बसल्या. रडल्या नाहीत. मलाच म्हणाल्या, डोळे पूस. आत चहा उतू जाऊन गॅस विझल्याचा वास सगळीकडे पसरला होता, तो बंद करायला जेठ पळाले.

आणि फोन वाजला. सहा.

मी बाबांना सगळं सांगितलं. घड्याळाचं, बटणाचं, लपवलेल्या पट्टीचं, काही लपवलं नाही. आता ऐकावं लागणार म्हणून तयारीत बसले. 

"आज मी पावणेसहालाच लावणार होतो," ते म्हणाले. "तिच्या अर्जाचं काय झालं म्हणून चैन पडत नव्हतं. तुझी आई म्हणाली, सहा वाजू द्या."

 पावणेसहाला त्यांचा फोन आला असता तर मी काय केलं असतं, ते मला स्वच्छ दिसलं. बाबांचा फोन आला, म्हणजे सहा वाजले. मी पडद्यावरचं माझं घड्याळ आणखीच खरं मानलं असतं, आम्ही सगळे चहा प्यायलो असतो आणि कोणाला कधीच काही कळलं नसतं. मी आईला फोन द्यायला सांगितलं. तिला नुसतं थँक यू म्हटलं. ती म्हणाली, कशाबद्दल गं.

त्या दिवशी दिवेलागणीला विजेट उघडून पाहिलं तर ते तीस मिनिटं पुढे होतं. दहा माझी. उरलेल्या विसांसाठी मी सगळ्यांना ओळीनं उभं केलं. आबांनी पाच कबूल केली. हल्ली एसटी उशिरा येते असं आम्ही सगळे महिनाभर म्हणत होतो, त्याचा उलगडा झाला. नवऱ्यानं पाच कबूल केली. मग अक्का मान खाली घालून म्हणाल्या, "पाच मिनिट मीबी वाढाडेल शेतस वं." त्यांची सकाळची गाडी दोनदा चुकता चुकता राहिली होती, म्हणून. आपल्याच हातानं पुढे ढकललेली पाच मिनिटं त्यांच्याच गळ्याशी आली होती. त्या इतक्या ओशाळल्या होत्या, की मला हसू आवरेना, आणि मग त्यांनाही आवरेना. राहिलेली पाच कोणाची, ते आजवर उघड झालेलं नाही. माझा संशय आबांवर आहे. ते दोनदा दाबून एकदा सांगणाऱ्यातले आहेत.

मी रागानं सगळं पुसून टाकलं. तिथी, सूर्य, बाजार, बटणं, सगळं. खालची पट्टी वर आणली आणि कोपऱ्यातलं ते बारीक घड्याळ तेवढं ठेवलं. पंधरवडाभर पडदा कॉलनीतल्या दारासारखा स्वच्छ होता. त्या पंधरवड्यात आबांच्या तीन गाड्या चुकल्या. ओट्यावरच्या एका म्हातारीची दवाखान्याची गाडी चुकली. बारीक घड्याळ बाहेरून दिसतच नव्हतं, आणि मी मोठ्यानं सांगितलेली खरी वेळ कोणी खरी मानत नव्हतं, जो तो आपली दहा वजा करून मोकळा. मला एकटीला बरोबर राहून काय करायचं होतं? आणि खरं सांगायचं तर मलाही तो पडदा बघवत नव्हता.

म्हणून मी नवं केलं, ते अजून आहे. मोरपंखी रंगात दोनच मोठ्या ओळी. वर लिहिलंय 'गाडीची वेळ', ती दहा मिनिटं पुढे. खाली 'खरी वेळ'. बटण नाही. लोक वरची ओळ बघून उठतात आणि अर्जासाठी आलेले खालची बघतात. तिथी विचारणारे अजून विचारतात, त्यांना मी भिंतीवरचं कॅलेंडर दाखवते. बाबा आले तेव्हा त्यांनी दोन्ही ओळी वाचल्या. वरच्या ओळीकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग म्हणाले, वाजले किती ते दिसतंय. एवढं त्यांच्याकडून म्हणजे पुष्कळ झालं. कोपऱ्यातल्या वेलीवर त्यांनी बोट फिरवलं. ती मी निळ्या रंगात काढली आहे आणि ती पुसायला कोणी सांगितलेलं नाही.

अक्कांची निवड झाली. ऑर्डर आली तेव्हा तिच्यावर किती महिने ते लिहिलेलंच नव्हतं. त्या ओळीच्या जागी काही नाही, हे त्या तीन वेळा मला वाचायला लावून पाहत होत्या. आता त्या धुळे जिल्ह्यात, साक्रीच्या बाजूला एका ग्रामीण रुग्णालयात आहेत. मुलगी त्यांच्याबरोबर आहे, जेठ शनिवारी जातात. घर रिकामं रिकामं झालंय, पहाटेचा चहा मला एकटीलाच प्यावा लागतो. पण मी खूश आहे. इतकी की कधी कधी ओट्यावर कोणी विचारलं नसलं तरी मीच सांगते की माझी जाऊ कायम झाली.

जाताना त्यांनी ठरवून टाकलं की रोज सहाला फोन करायचा. सहालाच का, ते आम्हा दोघींना माहीत आहे. फक्त त्यांचं मनगटावरचं घड्याळ अजून पाच मिनिटं पुढे असतं, ती सवय काही सुटलेली नाही. त्यामुळे त्यांचा फोन येतो पाच पंचावन्नला, आणि आमचं बोलणं काही चार मिनिटांत आटोपणारं नसतं. सहाच्या ठोक्याला बाबा लावतात तेव्हा त्यांना एंगेज लागतो. पहिले काही दिवस ते चिडले. कोण आहे मधे, म्हणून विचारलं. मी सांगितलं. हं, म्हणाले.

मग एके दिवशी अक्कांचा फोन ठेवला आणि लगेच बाबांचा वाजला. मी पडद्याकडे पाहिलं. खालच्या ओळीत सहा वाजून पाच मिनिटं झाली होती. मी घाबरून विचारलं की बाबा, सगळं ठीक आहे ना, आज उशीर कसा झाला.

"उशीर नाही," ते म्हणाले. "तिचं बोलणं आधी होऊ दे. मी काय, घरीच आहे."

आता त्यांचा फोन रोज सहा वाजून पाच मिनिटांनी येतो.